नववा फर्मा

‘तुला वेळ नसतो का गं?’ असं कुणी विचारलं की टाचणीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. वेळ होता की! दिवसाचे चोवीसच्या चोवीस तास होते. फक्त त्यातला एकही तिच्या नावावर नव्हता. पहाटेचे तास धाकटीच्या नावावर, सकाळचे डब्यांच्या, दिवसाचे बाइंडिंग कारखान्याच्या, संध्याकाळचे मधल्याच्या गणिताच्या आणि सासूच्या गुडघ्यांच्या. उरलेसुरले कपड्यांच्या बादलीत बुडायचे.

टाचणी हे तिचं खरं नाव अर्थातच नव्हे. अंगानं काडी आणि बोलणं टोचणारं, म्हणून कारखान्यातल्या बायकांनी ते ठेवलं. कारखान्यातून ते घरी आलं, घरातून चर्चमध्ये गेलं, आणि आता पाळकसाहेबसुद्धा तिला टाचणीताई म्हणायचे.

वर्षाच्या सुरुवातीला चर्चच्या दारात एक तक्ता लागला. ‘एका वर्षात संपूर्ण बायबल.’ प्रत्येक घराला एक ओळ. आठवडाभर रोज वाचलं की रविवारी त्या घराच्या ओळीत एक हिरवी टिकली चिकटवायची. कल्पना पाळकीणबाईंची. बाई मनानं वाईट नव्हत्या, पण त्यांची दोन्ही मुलं मोठी होऊन आपापल्या संसाराला लागली होती आणि त्यांच्या घरात भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. ज्या घरात घड्याळाची टिकटिक ऐकू येते त्या घरातल्या माणसानं, तीन पोरांच्या आईला वेळेचं शहाणपण शिकवू नये, असा कायदा व्हायला हवा.

“पहाटे पाचला उठायचं, ताई,” पाळकीणबाई म्हणाल्या. “दिवसाचा पहिला तास देवाला द्यायचा.”

“पाचला माझे चार डबे भरून झालेले असतात, बाई. देवाला साडेतीन चालतील का, विचारून सांगा.”

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. पाळकीणबाई हसल्या नाहीत.

तरी टाचणीनं करून पाहिलं. साडेतीनला उठून बसली, तर पांघरूण हललं म्हणून धाकटी जागी झाली आणि मांडीवर येऊन पानं चघळायला लागली. मोरीत कडी लावून बसली, तर मधल्यानं दार धडाधडा वाजवून विचारलं, “आई, तू पोट बिघडल्यामुळं आत आहेस की देवामुळं?” फोनवर वाचायला घेतलं, तर फोन कामावर शिरताना कपाटात कुलूपबंद व्हायचा आणि घरी आल्यावर मधल्याच्या हातात. बायबल कामावर न्यावं, तर ते तिच्या आईनं लग्नात दिलेलं, उशीएवढं जाड. आणि कारखान्याचा नियम असा की बाहेरचं पुस्तक आत आणायचं नाही. बाहेरचा कागद टेबलावर आला की तो कामाच्या कागदात मिसळतो. गेल्या वर्षी एकीची मुलाच्या शाळेची चिठ्ठी एका कादंबरीत शिवली गेली, तेव्हा त्या बाईला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं होतं.

सात आठवडे टाचणीच्या घराची ओळ कोरी राहिली. पाळकीणबाई दर रविवारी त्या ओळीवरून बोट फिरवायच्या आणि सुस्कारा टाकायच्या. सुस्काऱ्याला उत्तर देता येत नाही, हीच त्यातली मेख.

टाचणीला टिकलीची हौस नव्हती. तिला दुसरंच काही खुपत होतं. तिच्या आईनं हे बायबल चाळीस वर्षं एका स्वच्छ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं होतं. मूल जन्मलं की काढायची, पहिल्या पानावर नाव लिहायची, पुन्हा गुंडाळायची. पाच बाळंतपणं, म्हणजे पाच वेळा उघडलं. शेवटच्या आजारपणात ती म्हणाली होती, “सगळं वाचायचं राहिलंच बघ. वाटलं होतं, तुम्ही मोठे झालात की वाचीन.” हे आठवलं की टाचणीला रडू येत नसे, चीड यायची. आपण मोठे झालो, तोवर आईचे डोळे गेले.

एका रविवारी दुपारी घरातले सगळे आडवे झाले असताना तिनं बायबल जमिनीवर घेतलं, कामावरची सुरी काढली आणि पाठीचं कापड सरळ चिरलं.

आता हे वाचून कुणाच्या छातीत धस्स होत असेल, तर त्यानं जरा दम धरावा. पुस्तक म्हणजे काय, हे टाचणीला ठाऊक होतं. अठरा वर्षं ती तेच करत होती. एक मोठा छापील कागद घड्या घालून बत्तीस पानांचा होतो, त्याला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक ठेवून शिवले, वर पुठ्ठा चढवला की पुस्तक. वाचणारा पुस्तक विकत घेतो तेव्हा ते एक असतं; पण टाचणीच्या हातात प्रत्येक पुस्तक आधी सुटंच आलेलं होतं. तिनं सरस खरवडला, दोरा एकेका घडीतून अलगद ओढून काढला. एक पान फाटलं नाही. एकोणचाळीस फर्मे निघाले. ते तिनं एका पत्र्याच्या पेटीत ओळीनं लावले आणि पहिला ॲप्रनच्या आतल्या खिशात सरकवला. पातळ कागद, बाहेरून कळतसुद्धा नव्हतं.

नवऱ्यानं डोळे उघडले ते नेमके रिकाम्या पुठ्ठ्यांवर. तो शहराच्या बसचा ड्रायव्हर, झोपेतूनही खाडकन जागा होणारा.

“अगं, बायबल फाडलंस?”

“उसवलं. फाडणं वेगळं.”

“देवाला काय कळणार आहे त्यातलं?”

“माझ्याहून जास्त कळेल. ते पहिल्यांदा लिहिलं गेलं तेव्हा त्याला कुणी पुठ्ठा घातला होता का?”

यावर ड्रायव्हरसाहेबांनी कूस बदलली.

कारखान्यात पुठ्ठ्यांना सरस लावून ते दाबाखाली ठेवले की पाव तास हात लावायचा नसतो. बायका त्या वेळात नळाकडं चहा घ्यायला जायच्या. टाचणी कागदाच्या गठ्ठ्यांमागं बसून फर्मा उघडायची. रोज साडेतीन पानं. आणि त्या साडेतीन पानांत तिला जे भेटलं ते कुणी व्यासपीठावरून सांगितलंच नव्हतं. तिथं माणसं देवाशी भांडत होती. रुसत होती, हुज्जत घालत होती, आता पुरे म्हणत होती. आणि देव ऐकून घेत होता. टाचणीला वाटलं, अरे, हे आपल्याच घरातलं बोलणं आहे! दिवसभर सगळे तिच्याकडं काहीतरी मागायचे. त्या पाव तासात पहिल्यांदा कुणीतरी तिला काही सांगत होतं. कुठं पटायचं, कुठं ती मनात म्हणायची, हे मला नाही झेपत, आणि पुढचं पान उलटायची.

मग घरात एक गंमत झाली. सासूनं विचारलं, “सूनबाई, त्यातलं स्तोत्रांचं बाड मला दे बरं. तो ठोकळा माझ्या हातांना उचलवत नव्हता, हे वीस वर्षं सांगायची लाज वाटली मला.” दिलं. सांध्यांनी वाकडी झालेली तिची बोटं तो हलका फर्मा सहज पेलू लागली. थोरलीनं राजांच्या लढायांचा फर्मा शाळेच्या दप्तरात टाकला. मधल्यानं नुसत्या नावांच्या यादीचा उचलला, कारण त्यातली नावं ऐकून त्याला हसू आवरत नव्हतं; पण हसत हसत वाचत होता. आणि एके दिवशी नवऱ्याचा डबा धुताना टाचणीला त्याच्या पिशवीत शुभवर्तमानाचा फर्मा दिसला.

“हे काय?”

“शेवटच्या थांब्यावर दहा मिनिटं गाडी उभी असते,” तो नजर चुकवत म्हणाला. “समोरच्या काचेवर ऊन अडवायची झडप असते ना, तिच्यात ठेवतो. तू काय मक्ता घेतलायस?”

एका शिवलेल्या पुस्तकात एका वेळी एकच नाक खुपसता येतं. उसवल्यावर पाच माणसं वाचायला लागली. टाचणीनं तक्त्यावर तरी टिकली लावली नाही. देवाशी झालेलं बोलणं दारावर चिकटवायचं नसतं, असं तिचं म्हणणं.

त्या चर्चची एक रीत होती. घरातलं मूल बारा वर्षांचं झालं की एका रविवारी त्यानं पुढं उभं राहून, घरच्याच बायबलमधून एक अध्याय वाचायचा. वाचन सुरू झालं की सगळी मंडळी उठून उभी राहायची आणि संपेपर्यंत चिडीचूप. बारा वर्षांच्या पोरासमोर म्हातारेकोतारे उभे! टाचणी बारा वर्षांची होती तेव्हा तिला वाचायला मिळालं नव्हतं; आईनं सांगितलं होतं, “ते बायबल जड आहे, पडलं बिडलं तर?” आता थोरलीची वाचायची पाळी होती. तिनं स्वतः अध्याय निवडला होता, दोन विधवांच्या गोष्टीतला पहिला. ज्यात सासू सुनेला परत जा म्हणते आणि सून साफ नाही म्हणते. तो नवव्या फर्म्यात होता, अगदी शेवटच्या पानांवर. थोरली महिनाभर आजीसमोर वाचून दाखवत होती आणि आजी दर वेळी त्याच जागी डोळे पुसत होती.

रविवार तीन दिवसांवर आला असताना, गुरुवारी संध्याकाळी, पाळकीणबाई घरी आल्या.

“थोरलीला आशीर्वाद द्यायला आले. बायबल कुठं आहे तुमचं? जरा प्रार्थना करू हात ठेवून.”

धाकटीनं उत्साहानं जाऊन कपाटातले रिकामे पुठ्ठे आणून त्यांच्या मांडीवर ठेवले. आत काही नाही. पाळकीणबाईंनी ते उघडले, मिटले, पुन्हा उघडले. जणू दुसऱ्यांदा उघडल्यावर आत काही उगवणार होतं.

“आतलं कुठं आहे?”

“एक आजीच्या उशाशी, एक दप्तरात, एक बसमध्ये,” टाचणी म्हणाली. “बाकीचे पेटीत. चहा घेणार?”

“टाचणीताई, तुम्ही पवित्र शास्त्राचे तुकडे केले?”

“फर्मे केले. मुळात ते फर्मेच होते, बाई. माझ्यासारखीनंच कुणीतरी बसून शिवले होते. तिला बहुतेक वाचायला वेळ मिळाला नसेल.”

“ही मस्करी नाही. आमच्या घरात बायबलवर दुसरं पुस्तक ठेवत नाहीत.”

“माझ्या आईनंही ठेवलं नाही. पहिलं पान सोडून पुढचं उघडलंही नाही. आदर करता करता मेली बिचारी.”

पाळकीणबाईंचा चेहरा लाल झाला. त्या उठल्या, पदर सावरला. “रविवारपर्यंत हे नीट शिवून आणा. अखंड बायबल हातात असेल तर पोरगी वाचेल. नाहीतर तिची पाळी पुढच्याला जाईल.”

“पुढची पाळी कधी?”

“ते मंडळीतले वडील ठरवतील.”

थोरली दारामागं उभी होती.  तिनं हातातली पेन्सिल मोडली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात टाचणीचं डोकं ठिकाणावर नव्हतं. काम मोठं होतं. पाण्याच्या पंपांच्या माहितीपुस्तिका, चारशे प्रती, प्रत्येकीत दहा फर्मे. लांब टेबलावर दहा ढीग मांडायचे आणि टेबलाभोवती फिरत प्रत्येक ढिगातला एकेक उचलत जायचं. दहा झाले की एक पुस्तिका जमली. बायका एकामागून एक फिरत होत्या. हात आपोआप उचलत होते, तोंडं गप्पांत. पुस्तिकेचा आकार नेमका टाचणीच्या बायबलाएवढा.

पाव तासाची सुट्टी झाली. टाचणीनं नववा फर्मा खिशातून काढला. थोरलीचा अध्याय पुन्हा एकदा वाचायचा होता. त्या दिवशी गठ्ठ्यांमागं जायचंही सुचलं नाही, टेबलाशीच उभी राहून वाचू लागली. तेवढ्यात कटिंग मशीनकडून किंकाळी आली. एकीचं बोट कागदानं खोल चिरलं होतं. टाचणीनं हातातलं खाली ठेवलं आणि धावली. फडकं बांधलं, पाणी पाजलं, तिला शिव्या देऊन हसवलं. तोवर सुट्टी संपून टेबल पुन्हा फिरायला लागलं होतं, आणि टाचणी त्या चक्रात जशीच्या तशी शिरली.

पाचला काम संपलं. वीस वीस प्रतींचे वीस गठ्ठे सुतळीनं बांधून झाले. सकाळी शिलाईला जाणार. टेबल पुसायला म्हणून टाचणी वळली आणि थिजली. नऊ ढीग संपले होते. सहाव्या ढिगाच्या जागी एक फर्मा उरला होता.

ढिगात एक फर्मा जास्त उरतो तेव्हा त्याचा एकच अर्थ असतो: कुठल्यातरी प्रतीत त्याच्याऐवजी भलतंच काही गेलंय. टाचणीचा हात खिशाकडं गेला. खिसा रिकामा.

बायका निघाल्या होत्या. उरलेला फर्मा घडी करून खिशात टाकला असता तर कुणालाही कळलं नसतं. सकाळी शिलाई मशीन भराभर चाललं असतं आणि कुठल्यातरी पंपाच्या पोटात, झडप कशी बदलावी याच्या पुढं, दोन विधवांची गोष्ट कायमची शिवली गेली असती. गेल्या वर्षीची ती बाई तिला आठवली.  मग थोरलीची मोडलेली पेन्सिल आठवली, आणि ती तडक दाराकडं वळली.

मास्तर म्हणजे फोरमन, चष्मा कपाळावर ठेवून तो शोधत फिरणारा माणूस, दाराशी रजिस्टर मिटत होता.

“मास्तर, माझ्या बायबलचा फर्मा तुमच्या पंपात गेलाय.”

“काय?”

“बायबलचा. फर्मा. पंपात.”

मास्तरनं चष्मा शोधला, सापडला, डोळ्यावर घेतला, आणि उरलेल्या सहा नंबरच्या फर्म्याकडं पाहिलं. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. तीस वर्षं तोही याच धंद्यात होता.

“टाचणे, तुला अक्कल आहे का? बाहेरचा कागद आत आणायचा नाही, हे भिंतीवर एवढ्या अक्षरांत लिहिलंय!”

“वाचता येतं मला. म्हणूनच तर आणला.”

“तोंड चालवतेस वर? काढून टाकीन.”

“काढा. पण आधी गठ्ठे सोडू द्या. उद्या ते शिवलं गेलं तर तुमची पुस्तिका बाद आणि माझी पोरगी तोंडावर पडेल. मग काढा खुशाल.”

“तुझ्या पोरीचा इथं काय संबंध?”

टाचणीनं सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात, सुतळ्या सोडता सोडता. चारचे डबे, मोरीची कडी, सासूची बोटं, पाळकीणबाईंचा सुस्कारा. मास्तर बडबडतच शेजारी बसला आणि त्यानं दुसरा गठ्ठा सोडला. बायबलचा कागद पातळ. प्रतीच्या कडेवरून अंगठा फिरवला की त्या जागी तो घसरणार, एवढीच खूण. चारशे प्रती. दोघांचे अंगठे फिरू लागले. फर्रर, फर्रर. बाहेर रखवालदार दोनदा येऊन डोकावून गेला.

तेराव्या गठ्ठ्यात मास्तरचा अंगठा थांबला.

त्यानं फर्मा ओढून काढला, झटकला, आणि द्यायच्या ऐवजी उघडला. नेमकी शेवटची पानं. उभाच राहिला. टाचणीनं सहा नंबरचा फर्मा त्या प्रतीत घातला, गठ्ठे पुन्हा बांधले, सुतळीच्या गाठी मारल्या, टेबल पुसलं. मास्तर अजून वाचत होता.

“मास्तर.”

“थांब गं.” त्यानं पान उलटलं. पुढं पान नव्हतं. “हे काय? ती पोरगी म्हातारीबरोबर गेली त्या गावात. हातात काही नाही. शेतात धान्य वेचायला निघाली. आणि पुढं?”

“पुढच्या फर्म्यात आहे.”

“तो कुठं आहे?”

“घरी, पेटीत.”

मास्तरनं फर्मा तिच्या हातात दिला, चष्मा कपाळावर चढवला आणि आवाज पूर्ववत कडक केला. “नियम मोडलास. सोमवारपासून महिनाभर सरसाच्या टेबलावर. तिथं पाव तासाची सुट्टी नाही, त्या वेळात ब्रश धुवायचे असतात. कळलं?”

सरसाचं टेबल म्हणजे वासानं डोकं उठायचं. टाचणीनं मान हलवली. “कळलं. मग ब्रश धुता धुता वाचीन. समोर भिंतीला टाचून.”

“भिंत कंपनीची आहे!”

“ब्रशही कंपनीचेच आहेत. ते स्वच्छ निघाले म्हणजे झालं ना?”

मास्तरनं हात टेकले. ती दारापर्यंत पोचली तेव्हा मागून आवाज आला, “सोमवारी दहावा आणशील तेव्हा टेबलावर ठेवू नकोस. माझ्याकडं दे.”

शनिवारी नवरा समजुतीच्या सुरात म्हणाला, “शिवून टाक ना गं. तुझ्या हातचं दोन तासांचं काम. रविवार निभावू, सोमवारी परत उसव. कुणाला कळतंय?”

सुई, दोरा, एकोणचाळीस फर्मे, सगळं समोर होतं. हात शिवशिवत होते, खोटं कशाला बोला. मुकाट्यानं शिवलं असतं तर थोरली वाचणार, पाळकीणबाई खूश, सगळं सुरळीत.

“शिवते,” टाचणी म्हणाली. “पण आधी सांगा, शिवल्यावर सोमवारी सकाळी ते कुणाच्या पिशवीत जाणार? तुमच्या? आईंच्या उशाशी? आणि परत उसवणारच असेन, तर उद्या शिवलेलं बायबल वर धरून मी देवाच्या घरात उभी कशाला राहू? दाखवायला?”

नवऱ्यानं डोकं खाजवलं. “माझा फर्मा तसा अजून संपलेला नाही,” तो हळूच म्हणाला.

“आई,” थोरली म्हणाली, “तू शिवलंस तर मी वाचणार नाही.”

सुई डबीत गेली.

रविवारी चर्चच्या दारात तक्त्याशेजारी पाळकीणबाई उभ्या होत्या. त्यांची नजर आधी थोरलीच्या हातांकडं गेली. हातात पातळ, घडीवर थोडा पिवळा पडलेला एक फर्मा.

“शिवलं नाहीत?”

“नाही.”

“मग ती वाचणार नाही.”

“वाचेल.”

गाणी झाली, प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी घसा खाकरून जाहीर केलं की आज पहिलं वाचन टाचणीताईंच्या थोरलीचं. मनमिळाऊ माणूस, घरी काय शिजतंय याची त्यांना नेहमीच सगळ्यांत शेवटी खबर. थोरली पुढं जाऊन उभी राहिली. तेवढ्यात पहिल्या बाकावरून पाळकीणबाई बोलल्या, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“थांब. घरचं बायबल कुठं आहे? अखंड?”

 टाचणी उठली. 

“इथं आहे,” ती म्हणाली. “आई, दाखवा.”

सासूनं स्तोत्रांचा फर्मा वर धरला. मधल्यानं नावांच्या यादीचा, त्यावर शाईचा हा एवढा डाग. टाचणीनं पत्र्याची पेटी उचलून बाकावर आपटली. “आणि तुमचा?” तिनं नवऱ्याला विचारलं.

ड्रायव्हरसाहेबांनी खिसे चाचपले. पुढचे, मागचे. मान खाली. “गाडीतच राहिला.”

कुणीतरी खुदकन हसलं.

“घ्या,” टाचणी म्हणाली. “एकोणचाळीसपैकी अडतीस हजर आहेत, मोजून घ्या. एक या क्षणी सात नंबरच्या बसमध्ये शहरभर फिरतोय. दुसरा कुणी ड्रायव्हर वाचत असेल तर त्याचं पाप माझ्या डोक्यावर. बाई, सात आठवडे हे पुस्तक आमच्या घरात अखंड होतं, आणि त्या सात आठवड्यांत एक ओळ वाचली गेली नाही. त्याही आधी चाळीस वर्षं माझ्या आईकडं अखंड होतं. तेव्हा कुणाला त्रास झाला नाही. आता आम्ही वाचतोय, तर तुम्हाला दोरा आठवला?”

“ग्रंथाचा मान म्हणून काही असतो की नाही?” पाळकीणबाईंचा आवाज थरथरला. त्या खरोखर दुखावल्या होत्या, ते टाचणीला दिसलं. दिसलं तरी ती बसली नाही.

“असतो. तो आम्ही—”

पुढचं तिला बोलता आलं नाही. कारण समोर थोरलीनं फर्मा उघडला होता आणि कुणाचीही परवानगी न मागता ती वाचायला लागली होती.

बारीक पण ठणठणीत आवाज. दुष्काळाची पहिली ओळ भिंतींवर आपटली आणि सगळं चर्च, जसं नेहमी उठतं तसं, सवयीनं उठून उभं राहिलं. म्हातारेकोतारे, मंडळीतले वडील, पाळकसाहेब. वाचन सुरू झाल्यावर कुणी बोलत नाही. टाचणीचं वाक्य अर्ध्यावर राहिलं आणि पाळकीणबाईंचंही. एक पळभर पाळकीणबाई एकट्याच बसून होत्या. मग पदर सावरत त्याही उठल्या. फर्म्यापुढं उठल्या की पोरीपुढं की देवापुढं, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

माणसं मेली, बायका उरल्या, वाट फुटली. सासू परत जा म्हणाली आणि सून नाही म्हणाली, तिथं थोरलीनं आवाज जरासुद्धा चढवला नाही. उलट सावकाश वाचलं, एकेक शब्द समोर ठेवत, आजीकडं बघत. आजीनं डोळे पुसले नाहीत या वेळी. ती फर्मा छातीशी धरून ताठ उभी होती. गुडघ्यांचं दुखणं बहुतेक घरी विसरली होती.

अध्याय संपला. थोरलीनं फर्मा मिटला आणि आपल्या जागेवर येऊन बसली. टाचणीच्या कानात हळूच पुटपुटली, “एका ठिकाणी चुकले.”

“कुठं?”

“सांगत नाही.”

उपासना सुटल्यावर दारात गर्दी झाली. जुळ्यांची आई, जी तक्त्याजवळून जाताना नेहमी खाली मान घालायची, आज मान वर करून टाचणीच्या पेटीकडं बघत होती. मंडळीतल्या एका म्हाताऱ्या वडीलधाऱ्यांनी, “घोर पाप आहे,” एवढंच म्हणून काठी आपटली. पाळकसाहेब घसा खाकरत राहिले. पाळकीणबाई वाट अडवून उभ्या होत्या, तक्त्यासमोर, हातात हिरव्या टिकल्यांची पट्टी.

“हे इथं संपलेलं नाही, टाचणीताई.”

“नाहीच, बाई,” टाचणीनं पेटी काखेत घट्ट धरली. “अजून तीस फर्मे आहेत.”